नहपानाच्या नाकावरचा घाव

अर्विंग, टेक्सस
२१ फेब्रुवारी २००४

शरयू,

अक्षर बघून घाबरू नकोस. डाव्या हाताने लिहितोय. उजव्या हाताची दोन बोटं मोडली आहेत. तुझ्या मीनाक्षीकाकूच्या डोक्याला टाके पडलेत आणि डाव्या कानाने तिला ऐकू येईनासं झालंय. हे आधी सांगून टाकतो, कारण पुढचं सांगताना माझं डोकं फिरणार आहे.

गेल्या शनिवारी डॅलसला नाण्यांचं प्रदर्शन होतं. मी नहपानाची चांदीची नाणी घेऊन गेलो होतो. विकायला नव्हे, मिरवायला. तुझी काकू म्हणाली होती, कशाला नेताय. पण घरात बसून कोणाला दाखवू? तिला राजाचं तोंड कुठलं आणि मागची बाजू कुठली एवढंही सांगता येत नाही. दिवसभर लोक येऊन बघत होते. एकाला मी गौतमीपुत्राची सगळी गोष्ट सांगितली. त्याने नहपानाला कसं हरवलं, त्याची नाणी न वितळवता त्यांच्यावरच आपला डोंगराचा शिक्का कसा ठोकला, सगळं. गोरा, चाळिशीचा, लाल दाढी. फार मन लावून ऐकत होता. मला बरं वाटलं. मूर्ख मी.

घरी आलो, गॅरेजचं दार खाली येत होतं, तेवढ्यात त्याखालून तोच लाल दाढीवाला आत घुसला. हातात पिस्तूल. त्याचा जोडीदार बाहेर गाडीत बसून राहिला. काकू स्वयंपाकघरात मटार सोलत होती. त्याने तिला केसांना धरून अभ्यासिकेत आणलं, तिजोरीसमोर बसवलं आणि पिस्तुलाच्या मुठीने डोक्यात हाणलं. का हाणलं कोण जाणे. जनावर आहे ते. मी मध्ये पडलो. त्या झटापटीत त्याने माझ्याच गॅरेजमधली हातोडी घेऊन माझी बोटं फोडली. तिजोरी रिकामी करून गेला.

आपलं नाक फुटलेलं नाणंही गेलं. शिक्का बरोबर नहपानाच्या नाकावर बसलाय ते. तुझ्या बाबाने आणि मी नाशिकला एका सराफाच्या पेटीतून मिळून उचललं होतं. त्र्यंबक म्हणायचा, उल्हास, इटलीतले जुने पंडित एकमेकांना पत्रातून नाण्यांचे ठसे धाडायचे, आपणही तसेच पंडित. म्हणून तर तुला आम्ही नाण्यावर कागद ठेवून पेन्सिलीने ठसे काढायला शिकवलं आणि तो गेल्यावर मी पत्रं लिहायला लावली.

तिकडे उत्तरेत तुझ्या ओळखीचे जे कोणी दुकानदार आहेत त्यांना कळव. फोन करू नकोस. काकूला फोनवर ऐकू येत नाही आणि मला बोलवत नाही.

उल्हासकाका

◆

ईडन प्रेरी, मिनेसोटा
१ मार्च २००४

काका,

पत्र ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून वाचलं आणि तिथेच रडले. मग मीटिंग होती, ती कॅन्सल केली. काकूंच्या डोक्यात पिस्तूल मारणारा माणूस या देशात मोकळा फिरतोय आणि मी इथे स्क्रीनसमोर बसून कोड लिहितेय, हे मला सहनच होत नाहीये.

अमितला सांगितलं. तो म्हणाला, बाबांची नाणी आजच बँकेच्या लॉकरमध्ये टाक. मी त्याच्यावरच ओरडले. तुमच्यावर हल्ला झाला आणि याला लॉकर सुचतोय. नंतर वाटलं, तो काही चुकीचं बोलत नव्हता. आमची आन्या लहान आहे, घरात असते. दुसऱ्या दिवशी टाकली.

तुमच्या सगळ्या नाण्यांचे ठसे माझ्याकडे आहेत. त्यांच्या झेरॉक्स काढून इथल्या दुकानदारांना दिल्या, बाकीच्यांना मेल केल्या. नाक फुटलेलं नाणं जगात दुसरं नाही. ते कुठेही वर आलं तरी मी ओळखेन.

एक विचारते, रागावू नका. त्याने तिजोरी उघडली कशी? ती तर नंबरवर चालणारी आहे ना? मी अमितला म्हटलं, काका नंबर सांगणाऱ्यातले नाहीत, बोटं मोडून घेतली पण तोंड उघडलं नसेल. आमचे बाबाही असेच होते. खरं सांगते, इतका राग आला असूनही मला तुमचा अभिमान वाटला.

मी येऊ का? काकूंना काय करून घालू, काय मदत करू, सांगा. त्यांना माझा नमस्कार.

शरयू

◆

अर्विंग
२८ मार्च २००४

शरयू,

येऊ नकोस. घर येण्यासारखं नाही. तुझी काकू दिवसभर खिडकीशी बसते. बोलत नाही. डॉक्टर म्हणतो कानाला मार बसलाय, वेळ लागेल. ऐकू येत नाही म्हणून बोलत नसेल. जेवायला वाढते, ताट ठेवते आणि उठून जाते.

तिजोरीचं काय घेऊन बसलीस? उघडली त्याने कशीतरी.

मी पिस्तूल विकत घेतलंय. हं, आता लगेच हाय खाऊ नकोस, इथे निम्म्या गल्लीकडे आहे. दर रविवारी रेंजवर जातो. आधी डाव्या हाताने मारत होतो, आता उजव्याची बोटं वळायला लागली आहेत. तिथे कागदाचा माणूस टांगतात. मी त्याच्या तोंडावर नेम धरतो. शिकवणारा म्हणतो, सर, छातीवर मारा, छाती मोठी असते. मी म्हटलं, मला तोंडच हवंय. गौतमीपुत्राने काय केलं? नहपानाचं तोंड ठेवलं आणि त्यावर मारलं. बघणाऱ्याला दोन्ही दिसलं पाहिजे, कोण होता आणि त्याचं काय झालं.

पहिल्यांदा गोळी सुटली तेव्हा मला इतकं बरं वाटलं की सांगता सोय नाही. हे सगळं झाल्यापासून पहिल्यांदा त्या रात्री झोप लागली. तू म्हणशील काका बिघडले. अठ्ठावन्न वर्षं सरळ राहून काय मिळालं? नोकरी गेली तेव्हा सरळच होतो, हा घरात घुसला तेव्हाही सरळच होतो. पोलिसातला माणूस येतो, कॉफी पितो, ‘वी आर वर्किंग ऑन इट’ म्हणून जातो.

हा माणूस जिवंत आहे तोवर माझ्या घशाखाली घास उतरत नाही. तो कुठेतरी बसून हसत असेल, कोणाला तरी सांगत असेल. ते मला चालणार नाही.

तुला काही कळलं तर आधी मला कळव, पोलिसांना नंतर.

उल्हास

◆

ईडन प्रेरी
१६ मे २००४

काका,

आधी शांतपणे बसा. नाणं सापडलं.

काल सेंट पॉलला छोटं प्रदर्शन होतं. आन्याला घेऊन गेले होते. एका म्हाताऱ्या दुकानदाराच्या टेबलावर काचेखाली नहपान बसलेला, नाकावर शिक्का. मी काचेवर दोन्ही हात टेकून तिथेच वाकले. आन्या विचारत होती, ‘मॉम, आर यू ओके?’ मी तिचा हात इतका घट्ट धरला की ती ओरडली. दुकानदार सज्जन आहे, बाहेरगावचा, माझी झेरॉक्स त्याच्यापर्यंत पोचली नव्हती, त्याला चोरीचं काही माहीत नव्हतं. मी खरं ते सांगितल्यावर बिचारा पांढराफटक पडला. त्याने खरेदीची नोंद दाखवली, विकणाऱ्याच्या लायसन्सची कॉपीही. फोटोत लाल दाढी आहे.

नाणं तिथल्या पोलिसांच्या ताब्यात दिलं. तुमच्याकडच्या डिटेक्टिव्हलाही मी स्वतः फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, कागद तयार व्हायला आठवडा लागेल, मग उचलतो. फक्त एक आठवडा, काका. तुम्ही म्हणाला होतात आधी मला कळव. नाही कळवलं. तुमचं ते रेंजचं पत्र मी तीनदा वाचलंय आणि मला तुमची भीती वाटते, तुमच्यासाठीही वाटते. तो माणूस कोण, कुठला, हे मी तुम्हाला सांगणार नाही. तो कोर्टात उभा राहील, काकू त्याच्याकडे बोट दाखवतील, तो आत जाईल. तेवढं पुरे नाही का? तुम्ही त्याला मारलंत तर काकूंजवळ कोण राहील?

नाणं पोलिसांना देण्याआधी बाबांच्या सवयीने ठसा काढून घेतला, तो सोबत पाठवतेय. तुम्ही डोळ्यांनी बघून खात्री करा की हेच ते. तुम्हाला बघून बरंही वाटेल.

पिस्तूल परत करा, प्लीज. माझ्या गळ्याची शपथ.

शरयू

◆

ईडन प्रेरी
१८ मे २००४
कुरिअरने

काका,

सकाळपासून फोन लावतेय, तुम्ही उचलत नाही. काकूंना ऐकू जात नसेल.

माझ्या हातून फार मोठी चूक झालीय. ठशाच्या कागदावर खाली मी नाव लिहिलं. तुम्ही आणि बाबांनीच शिकवलंय, ठसा काढला की नाणं ज्याच्याकडून आलं त्याचं नाव आणि गाव तिथेच लिहायचं, नाहीतर ठशाला किंमत नाही. दहाव्या वर्षापासून लिहितेय, हात आपोआप चालतो. दुकानदाराने कॉपी समोर धरली होती, मी नाव लिहिलं, पत्ता लिहिला आणि पाकिटात घातलं. पत्रात सांगणार नाही म्हणाले आणि सोबत सगळंच पाठवून दिलं. आज अंघोळ करताना लक्षात आलं. ओल्या केसांनी पोस्टात धावले, पण पाकीट कधीच निघून गेलं होतं.

डिटेक्टिव्हसाठी निरोप ठेवलाय. काका, तो कागद फाडून टाका. वाचू नका. वाचला असेल तर घरातून हलू नका. तुमच्या त्र्यंबकची मुलगी पाया पडून सांगतेय.

शरयू

◆

डॅलस काउंटी जेल
६ जून २००४

शरयू,

तुझं कुरिअर मी दारातून निघाल्यावर पोचलं, असं काकूने वकिलाला सांगितलं म्हणे. तू स्वतःला खाऊ नकोस. नाव लिहिलंस हे चांगलं केलंस. पंडिताची पोर आहेस, अर्धवट ठसा कसा पाठवशील?

कसं झालं ते वकिलाने लिहू नका म्हटलंय. तरी तुला सांगतो. बाकी कोण आहे मला?

गार्लंडला त्याचं घर, पुढच्या अंगणात मोडकी बोट. दुपारची वेळ. बेल वाजवली. तोच आला, बनियनवर, हातात खाण्याची प्लेट. मला ओळखायला त्याला क्षणभर लागला. मग तो घाबरला नाही, शरयू. हसला. माझ्या बोटांकडे बघितलं आणि काहीतरी बोलायला लागला. मी त्याला बोलू दिलं नाही. पहिली गोळी गळ्यात लागली. तो प्लेटसकट मागे पडला. गळ्यावर हात धरून पायाने फरशी ढकलत सोफ्याकडे सरकत होता, आणि तरीही त्याचे ओठ हलत होते. मी आत गेलो, वर उभा राहिलो आणि तोंडावर मारली. मग परत. किती मारल्या ते वकील सांगतो, मला आठवत नाही. ओठ हलायचे थांबेपर्यंत मारल्या. माझ्या चष्म्यावर उडलेलं रक्त मी त्याच्याच पडद्याला पुसलं आणि बाहेर पायरीवर बसून पोलिसांची वाट पाहिली.

वाईट वाटत नाही. वाटलं असतं तर लिहिलं असतं. तुझ्या काकूसाठी केलं. माझ्या बायकोला मारणाऱ्याला मी जिता सोडला नाही, एवढं लोकांनी म्हटलं तरी मला पुष्कळ.

काकू भेटायला आली नाही. नेत्रा येऊन तिला न्यू जर्सीला घेऊन गेली असं कळलं. पोटच्या पोरीनेही वकिलाचा फोन ठेवून दिला. वकील म्हणतो, खटल्यात तुझ्या काकूची साक्ष सगळ्यात महत्त्वाची. मी लिहिलं तर ती पाकीट उघडत नाही. तू तिला लिही. तुझं ती ऐकेल.

उल्हासकाका

◆

ईडन प्रेरी
२० सप्टेंबर २००४

काकू,

हे पत्र तुम्हाला कसं लिहावं हेच कळत नव्हतं. तीन महिने टाळलं. काकांच्या वकिलांचे फोन येताहेत आणि आता दिवस थोडे राहिलेत, म्हणून लिहितेय.

आधी माझं. तो माणूस माझ्यामुळे मेला आणि काका माझ्यामुळे आत गेले. मी नाव लिहिलं नसतं तर पोलीस त्याला घेऊन गेले असते. काकांनी मला सगळं लिहून कळवलं, आणि आता रोज स्वप्नात तो पायाने फरशी ढकलताना दिसतो, मरताना काहीतरी बोलायला बघतो आणि काका त्याला बोलू देत नाहीत. मी त्याला कधी पाहिलेलंही नाही. अमित म्हणतो डॉक्टरकडे जा. जाईन. पण त्याआधी तुमची क्षमा मागायची आहे.

आता काकांचं. वकील म्हणतात, काकांनी ठरवून, शोधून जाऊन मारलं असं सरकारी बाजू म्हणणार. जन्मठेप होऊ शकते. पण ज्युरीने तुम्हाला पाहिलं, तुमच्या डोक्यावरचा व्रण पाहिला आणि त्या दिवशी काय झालं ते तुमच्या तोंडून ऐकलं, तर त्यांचं मन फिरेल. आपल्या बायकोला डोळ्यांदेखत मारलेलं पाहून हा माणूस वेडापिसा झाला, तिला वाचवायला गेला तर त्याची बोटं मोडली, हे त्यांना समजलं पाहिजे. ते तुमच्याशिवाय कोणीच सांगू शकत नाही. काकांना आता साठी लागेल. तिथे मरतील हो ते.

मला ठाऊक आहे, ते सगळं पुन्हा आठवणं म्हणजे तुमच्यावर अत्याचारच आहे. तरी मागतेय. मी तुमच्याबरोबर येईन, कोर्टात तुमचा हात धरून बसेन. फक्त एकदा या.

तुमची
शरयू

◆

आयसेलिन, न्यू जर्सी
४ ऑक्टोबर २००४

शरयू,

तुझं पत्र नेत्राने मला वाचून दाखवायला घेतलं. मी म्हटलं, माझा कान गेलाय, डोळे नाहीत, आण इकडे. कोणी काही वाचून दाखवावं अशी मी आंधळी झालेली नाही.

पहिलं म्हणजे तू रडणं बंद कर. नाव तू लिहिलंस म्हणून तो मेला, असं डोक्यातून काढून टाक. नाव नसतं मिळालं तरी उल्हासने त्याला हुडकून काढलंच असतं. हो, उल्हासच म्हणणार मी. तेहतीस वर्षं ‘अहो’ म्हटलं, खूप झालं.

आता त्या दिवशी काय झालं ते सांगते. हे अजून फक्त नेत्राला माहीत आहे.

त्या माणसाने मला तिजोरीसमोर आणलं ते मला मारायला नव्हे, नंबर विचारायला. मला नंबर माहीत नव्हता. माझ्या नवऱ्याने तो मला कधी सांगितला नव्हता, ‘तू विसरशील’ म्हणायचा. मी रडून सांगितलं, आय डोन्ट नो, ही नोज. मी बोट दाखवलं नवऱ्याकडे. तो काय म्हणाला, माहितीये? ‘नो इंग्लिश.’ वीस वर्षं या देशात नोकरी केलेला माणूस. दिवसभर प्रदर्शनात त्याच माणसाला इंग्रजीतून इतिहास सांगून आलेला. त्याने मान हलवली आणि म्हणाला, नो इंग्लिश.

मग पिस्तुलाची मूठ बसली मला. मी म्हटलं, अहो सांगा ना. पुन्हा बसली. मला रक्ताने दिसेना. मी जमिनीवर पडले आणि त्याचा पाय धरला, उल्हासचा. त्याने पाय सोडवून घेतला आणि हळूच, आपल्या मराठीत, मला म्हणाला, “मीना, थोडं सोस. कंटाळून जाईल तो.”

पुढचा फटका कानावर बसला. त्या कानाने ऐकलेलं शेवटचं वाक्य तेच आहे, शरयू.

कोणी मध्ये पडलं नाही. झटापट झाली नाही. तो माणूसच थांबला. त्यालाच कसंतरी झालं असावं, मला असं वाटतं. गॅरेजमध्ये गेला, हातोडी घेऊन आला, उल्हासचा हात टेबलावर धरला आणि एक बोट फोडलं. एकच. लगेच सगळे आकडे आठवले, इंग्रजीत, न अडखळता. तिजोरी उघडली. चोराने पिशवी भरली आणि जाताना परत वळला. माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. “शी टुक ऑल दॅट, अँड यू न्यू?” असं म्हणाला. नंबर मिळाला होता, नाणी मिळाली होती, तरी त्याने दुसरं बोट फोडलं. ते तो कशासाठी फोडून गेला, ते मला कळलं आणि उल्हासलाही कळलं.

त्यानंतर पोलिसांना, शेजाऱ्यांना, मंडळातल्या लोकांना उल्हासने सांगितलं की बायकोला वाचवताना बोटं गेली. मी समोर बसून ऐकत होते, उरलेल्या कानाने. लोक येऊन त्याच्या पाठीवर हात ठेवायचे. तू पण लिहिलंस अभिमान वाटतो म्हणून. ते पत्र त्याने मला मोठ्याने वाचून दाखवलं, माझ्या चांगल्या कानाशी तोंड आणून.

मी बोलत नव्हते ते ऐकू येत नाही म्हणून नव्हे. तोंड उघडलं तर काय बाहेर येईल, ते त्यालाही माहीत होतं आणि मलाही. तो पिस्तूल घेऊन आला तेव्हा मला वाटलं हे चोरासाठी आहे. रविवारी रेंजवरून यायचा, टेबलावर ठेवून पुसत बसायचा आणि अधूनमधून माझ्याकडे बघायचा. मी चहा ठेवायची.

तू लिहितेस, तो चोर मरताना काहीतरी बोलत होता आणि काका त्याला बोलू देत नव्हते. हे त्यानेच तुला सांगितलं असणार. मग तुला कळायला हवं होतं, बाळा. तू शिकलेली आहेस, एवढ्याशा ठशावरून दोन हजार वर्षांचं ओळखतेस. त्या खोलीत आम्ही तिघं होतो. काय घडलं ते बाहेर सांगू शकणारी माणसं दोन. एकाला शोधायला त्याला गार्लंडपर्यंत जावं लागलं. दुसरी त्याच्या शेजारी झोपत होती.

म्हणून मी इथे आले. तो गोळ्या घालून पायरीवर बसला नसता, घरी परत आला असता, तर आज हे पत्र तुला कोणी लिहिलं असतं, मला माहीत नाही.

वकिलाला निरोप दे. मला बोलावू नका. बोलावलंत तर मी नक्की येईन, चांगली साडी नेसून येईन, आणि ते विचारतील त्या सगळ्याचं खरं उत्तर देईन.

काकू